मोटार दोन दिवसांत पोहोचते, कागदपत्रे वर्षभराने

ठाणे (प्रतिनिधी) : टेंभी नाक्यावर आता कुणाला अडवून पावती फाडली जात नाही. नाका हा शब्द जकात, तपासणी आणि पहारेकरी यांच्या काळातला. शहर वाढले, नाक्याचा चौक झाला आणि नवरात्रातील देवीच्या उत्सवाने तो चौक महाराष्ट्रभर ठाऊक झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला, ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंडच्या टोलनाक्यावरही लहान मोटारींना टोल उरला नाही. ठाणेकराच्या मनातून नाका हळूहळू हद्दपार होत आहे. मात्र याच परिसरातील एखादे लष्करी कुटुंब बदलीच्या गावी स्वतःच्या मोटारीने निघते, तेव्हा त्याला सारे नाके पुन्हा भेटतात. फरक इतकाच, की त्यांपैकी फार थोडे रस्त्यावर असतात. बाकीचे कागदावर असतात, आणि तेच अधिक खर्चिक ठरतात.

लष्करातील बदली साधारणपणे दोन ते तीन वर्षांनी ठरलेली. पूर्वी बदलीचा हुकूम आला, की काळ्या रंगाच्या पेट्यांवर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि क्रमांक रंगवला जाई, सामान मालगाडीने किंवा ट्रकने रवाना होई आणि कुटुंब रेल्वेच्या वॉरंटवर मागून जाई. पेट्या आजही त्याच आहेत. परंतु गेल्या दोन दशकांत जवान आणि जेसीओंच्या घरीही मोटार आली, आणि बदलीच्या नियोजनात एक नवा प्रश्न उभा राहिला : या मोटारीचे काय करायचे? तिला ट्रकवर चढवायची, विकायची, घरी ठेवायची, की मुलाबाळांना घेऊन तिनेच जायचे?

उदाहरणादाखल एक मार्ग घेऊ. समजा, टेंभी नाक्यावरील एका नायब सुभेदाराची बदली मध्य प्रदेशातील महू येथे झाली आहे. घरात पत्नी, दोन शाळकरी मुले आणि तीन वर्षांपूर्वी ठाण्यात नोंदलेली, एमएच-०४ क्रमांकाची पेट्रोल मोटार आहे. अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर. रस्ता जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाचा : माजिवडा, खारेगाव, माणकोली, पडघा, कसारा, नाशिक, धुळे, शिरपूर आणि पुढे पळासनेर ओलांडून सेंधव्याकडे. संपूर्ण वाटेत राज्याची सीमा एकदाच ओलांडायची आहे. तरीही हे एक सीमोल्लंघन पुरे व्हायला वर्ष-दीड वर्ष लागू शकते.

महूची वाट मराठी लष्करी कुटुंबांना नवी नाही. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी तेथे छावणी वसवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूलाच झाला, तो त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ त्या वेळी तेथील लष्करी शाळेत होते म्हणून. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे हे कुटुंब रामजींच्या निवृत्तीनंतर प्रथम दापोली आणि मग साताऱ्याला आले. २००३ मध्ये महूचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले. बदलीमुळे मुलांचा जन्म एका प्रांतात, शाळा दुसऱ्या प्रांतात आणि निवृत्ती तिसऱ्या ठिकाणी हा क्रम लष्करी घरांना तेव्हापासून परिचित आहे. आज त्यात मोटारीच्या जन्मदाखल्याची भर पडली आहे.

बारा महिन्यांची मुभा

मोटारीचा जन्मदाखला म्हणजे तिचे नोंदणी प्रमाणपत्र. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवले, तर मालकाने तेथील परिवहन कार्यालयाकडे नव्या क्रमांकासाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. बारा महिने संपल्यानंतर अर्जासाठी तीस दिवसांची मुदत मिळते. पर्यटकाला किंवा लग्नकार्यासाठी गेलेल्या पाहुण्याला या कलमाची झळ लागत नाही. लष्करी कुटुंबाला मात्र ती हमखास लागते, कारण त्यांचा मुक्कामच दोन-तीन वर्षांचा असतो.

येथे पहिला पेच येतो. नवा क्रमांक घ्यायचा, तर आधी जुन्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. ते अठ्ठावीस क्रमांकाच्या नमुन्यात मिळते आणि वाहन जेथे नोंदलेले आहे तेच कार्यालय ते देते. म्हणजे टेंभी नाक्यावरील कुटुंबासाठी ठाणे आणि डोंबिवलीतील, एमएच-०५ क्रमांकाच्या मोटारीसाठी कल्याण. अर्ज आता वाहन पोर्टलवरून करता येतो. कायद्यानुसार तीस दिवसांत मंजुरी अथवा नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र मिळाले असे मानले जाते. परंतु मानीव मंजुरीचा कागद घेऊन परराज्यातील खिडकीवर उभे राहणे किती सोयीचे असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

प्रमाणपत्र अडकते ते बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण कर्ज. मोटार बँकेच्या कर्जावर असेल, तर बँकेचीही लेखी संमती लागते. कर्ज पगाराच्या खात्यावरून, म्हणजे आधीच्या एखाद्या बदलीच्या गावातील शाखेतून घेतलेले असेल, तर हा पत्रव्यवहार लांबतो. दुसरे कारण ई-चलन. घोडबंदर रस्त्यावरील वेगमर्यादेचे किंवा स्थानकाजवळील चुकीच्या पार्किंगचे चलन मोबाइलवरील संदेशांच्या गर्दीत हरवलेले असते आणि नेमके प्रमाणपत्राच्या वेळी डोके वर काढते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या मोटारींना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असणे हीही आता पाहण्याची गोष्ट आहे.

त्यापेक्षा नाजूक मुद्दा वेळेचा आहे. ना हरकत प्रमाणपत्रात मोटार कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार, हे लिहावे लागते. महूसाठी ते इंदूर, म्हणजे एमपी-०९. लष्करात बदलीचे हुकूम ऐन वेळी फिरणे ही मुलखावेगळी घटना नाही. महूऐवजी झाशी किंवा जबलपूर ठरले, तर हाती असलेले प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्यावे लागते, आणि त्यासाठी मोटार आधीच्या ठिकाणी नोंदली गेलेली नाही, असा दाखला आणावा लागतो. म्हणून हुकूम हाती पडताच धावत जाऊन प्रमाणपत्र घेणे शहाणपणाचे नसते. थकीत चलने भरणे, बँकेची संमती मिळवणे आणि विम्याचा पत्ता तपासणे ही कामे निघण्यापूर्वी उरकावीत. प्रत्यक्ष प्रमाणपत्राचा अर्ज मात्र नव्या गावी हजर होऊन घर मिळाल्यावर केला, तरी बारा महिन्यांत पुरेसा अवधी उरतो. अर्ज ऑनलाइन झाल्याचा खरा लाभ हा आहे.

एकाच मोटारीवर दोनदा कर

दुसरा पेच पैशांचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी कर आहे. आठ लाखांच्या मोटारीला तो ८८ हजार रुपये होतो. ही रक्कम मोटारीच्या दीर्घ आयुष्यासाठी आगाऊ भरलेली असते. तिसऱ्या वर्षी मोटार इंदूरच्या हद्दीत नोंदवायची, तर मध्य प्रदेश आपल्या दराने कर मागतो. महाराष्ट्राच्या कर कायद्यात उरलेल्या काळाच्या परताव्याची तरतूद आहे. पण परतावा मागण्यासाठी मोटार दुसरीकडे नोंदली गेल्याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे आधी तेथे भरायचे आणि मग येथे मागायचे. मधल्या काळात दोन्ही राज्यांचा कर एकाच पगारातून गेलेला असतो. परताव्यासाठी ठाण्यात कुणी तरी पाठपुरावा करायला हवा. घरी वृद्ध आईवडीलच असतील, तर अनेकदा ती फाइल तशीच पडून राहते.

हा दुहेरी भार टाळण्यासाठीच केंद्राने २६ ऑगस्ट २०२१ रोजी भारत मालिकेची अधिसूचना काढली आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून ती लागू झाली. क्रमांकाच्या आरंभी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग बीएच ही अक्षरे, नंतर चार आकडे आणि शेवटी अक्षरे, असे या पाटीचे रूप. संरक्षण दलांतील कर्मचारी, केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ही सवलत आहे. या क्रमांकाची मोटार राज्य बदलले तरी पुन्हा नोंदवावी लागत नाही.

करही एकदम भरावा लागत नाही. दहा लाखांपर्यंत ८, दहा ते वीस लाखांपर्यंत १० आणि त्यापुढे १२ टक्के या दराने आकारणी होते. डिझेलला दोन टक्के अधिक, विजेवरील मोटारीला दोन टक्के कमी. या दराने येणारा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरायचा असतो. चौदा वर्षांनंतर दरवर्षी आकारणी होते आणि रक्कम निम्मी होते. सवलतीचा गुंता असा, की दर दोन वर्षांनी हप्ता भरण्याची आठवण मालकालाच ठेवावी लागते. मुदत टळली, तर दिवसाला १०० रुपये दंड सुरू होतो. सीमेवर किंवा जहाजावर असलेल्या माणसाच्या हाती महिनोन्‌महिने चालू मोबाइल नसतो. अशा वेळी ही तारीख घरच्या दिनदर्शिकेवर गॅसच्या सिलिंडरशेजारी लिहून ठेवणे, हाच खात्रीचा उपाय दिसतो.

मोटार कुणाच्या नावावर?

भारत मालिकेचा लाभ हुकण्याचे एक कारण अतिशय घरगुती आहे. मोटार पात्र कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असावी लागते. ठाणे-कल्याण पट्ट्यातील अनेक घरांत मात्र खरेदीच्या वेळी मुलगा सीमेवर असतो. सह्या, फोटो, कर्जाची कागदपत्रे यांसाठी तो हजर नसतो. मग मोटार वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर घेतली जाते. त्या क्षणी ती सोय वाटते. बदलीच्या वेळी कळते, की मोटार लष्करी माणसाची असली, तरी कागदोपत्री ती टेंभी नाक्यावरील निवृत्त वडिलांची आहे, आणि त्यांना ही मालिका मिळू शकत नाही.

जुन्या मोटारींसाठी एक वाट डिसेंबर २०२२ मध्ये खुली झाली. आधीच राज्याचा क्रमांक घेतलेली मोटार आवश्यक कर भरून भारत मालिकेत आणण्याची मुभा नियमदुरुस्तीने मिळाली. वरील उदाहरणातील नायब सुभेदाराने तीन वर्षांच्या मोटारीसाठी हा पर्याय निघण्यापूर्वी तपासून पाहायला हवा. मोटार वडिलांच्या नावावर असेल, तर प्रथम हस्तांतर आणि मग मालिका असा क्रम लागतो. पुढे कधी मोटार विकायची झाली आणि खरेदीदार पात्र नसेल, तर त्याला आपल्या राज्याचा कर भरून साधा क्रमांक घ्यावा लागतो. त्यामुळे विक्रीची किंमत ठरवताना तो खर्चही हिशेबात येतो.

हवालदाराची स्कूटर

शासन या प्रवासाला काय देते? सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, बदली अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के झाले. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपसाठी ते १०० टक्के आहे. सामान वाहून नेण्याचे दर त्या वेळी वेतनस्तरानुसार ठरले. सहाव्या स्तरापासून वर ६ हजार किलो आणि किलोमीटरला ५० रुपये, पाचव्या स्तराला ३ हजार किलो आणि २५ रुपये, चौथ्या व त्याखालील स्तरांना दीड हजार किलो आणि १५ रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला, की या दरांत २५ टक्के वाढ होण्याची सोय त्यातच आहे.

वाहनाबाबतची रेघ मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. मोटार नेण्याचा खर्च सहाव्या स्तरापासून मिळतो. पाचव्या आणि त्याखालील स्तरांना एक मोटारसायकल, स्कूटर किंवा सायकल. लष्करात नायब सुभेदार सहाव्या स्तरावर, हवालदार पाचव्या आणि नाईक चौथ्या स्तरावर आहे. याचा अर्थ, एकाच चाळीतून एकाच छावणीत निघालेल्या दोन शेजाऱ्यांपैकी नायब सुभेदाराच्या मोटारीचा भार शासन उचलते आणि हवालदाराने तीच मोटार नेली, तरी हिशेब स्कूटरचाच होतो. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवालदाराच्या घरची मोटार आलीच नसावी. शिवाय ही सारी गणिते मुळात रेल्वेवर बेतलेली असल्याने, रेल्वेने जोडलेल्या गावी स्वतःच्या मोटारीने गेल्यास प्रवासखर्चाची मर्यादा साधारणपणे पात्र वर्गाच्या रेल्वेभाड्यापर्यंतच राहते. टोल, डिझेल-पेट्रोल आणि वाटेतील मुक्काम यांचा उरलेला खर्च कुटुंबाचा.

टोलवरील वाद

टोलच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवणारा जवान आणि नकार देणारा कर्मचारी यांची चकमक महामार्गावर अनेकांनी पाहिली असेल. या वादाचे मूळ १९०१ च्या कायद्यात आहे. भारतीय पथकर (भूदल व वायुदल) कायदा आजही लागू असून त्यात अधिकारी, जवान, त्यांचे सामान आणि त्यांच्या गाड्या यांना सूट आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांनीही ही सूट मान्य करून ती नौदलालाही लागू केली.

कायद्यातील कळीचा शब्द ‘कर्तव्यावर’ हा आहे. कुटुंबीयांना सूट आहे, पण ते कर्तव्यावर जाणाऱ्या जवानासोबत असतील तेव्हा. त्यामुळे बदलीच्या हुकुमावर निघालेल्या कुटुंबाने हुकुमाची प्रत हाताशी ठेवावी, ती पेटीत बंद करून ट्रकने पुढे पाठवू नये. जवान आधीच विमानाने रुजू झाला असेल आणि पत्नी मुलांना घेऊन मागून मोटार चालवत येत असेल, तर सोबत असण्याची अट पुरी होत नाही. सुटीत गावी येतानाही ती होत नाही. फास्टॅग आपोआप पैसे कापतो, त्याला हुकूम वाचता येत नाही. खिडकीवर वाद घालत मुलांना उन्हात ताटकळत ठेवण्यापेक्षा अनेक जण सरळ टोल भरून मोकळे होतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागलेला, आरंभी तीन हजार रुपये किमतीचा, दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पासही अशांना सोयीचा ठरतो. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, समृद्धी महामार्गावर चालत नाही. पास आणि फास्टॅग दोन्ही नोंदणी क्रमांकाशी बांधलेले असल्याने इंदूरचा नवा क्रमांक मिळताच तेही बदलून घ्यावे लागतात. विम्याचेही तेच. क्रमांक बदलला आणि विमा जुन्याच क्रमांकावर राहिला, तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडचण ठरलेली.

प्रत्यक्ष रस्ता

आता रस्ता. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपासून सलग खुला झाल्याने ठाणेकरांना कसारा घाट टाळण्याचा पर्याय मिळाला. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा पार करून पुढे नाशिककडे वळता येते. पावसाळ्याच्या तोंडावर, शाळा सुरू होण्याच्या सुमारास बदल्यांची गर्दी असते आणि नेमके तेव्हाच कसाऱ्यात धुके उतरते. म्हणून हा पर्याय मोलाचा आहे. समृद्धीवर सलग वेगाने जाताना टायर तापतात. जुने, झिजलेले टायर घेऊन आणि टपावर पेट्या लादून त्या रस्त्याला जाणे धोक्याचे.

नाशिकला देवळालीची तोफखाना छावणी लागते आणि ओळखीचे घर निघतेच. पहिला मुक्काम तेथे केला, तर प्रवास सोपा होतो, पण दुसऱ्या दिवसाचा पल्ला मोठा उरतो. धुळ्याला मुक्काम केल्यास दोन्ही दिवस जवळपास सारखे पडतात. धुळ्यापुढचा टप्पा सकाळच्या उजेडात पार करावा, असे सांगण्यास कारण आहे. सीमेलगतच्या बिजासन घाटातून अवजड ट्रक उतरतात आणि ब्रेक निकामी होण्याचे अपघात तेथे होत आले आहेत. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला असाच एक अनियंत्रित ट्रक वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण मृत्युमुखी पडले. या उतारावर चहासाठी थांबायचे, तर रस्त्यापासून दूर आत थांबावे.

मोटारीत काय ठेवायचे, याबद्दल घरोघरी मते वेगळी असतात. देव्हाऱ्यातील देव ट्रकने पाठवायचे नाहीत, याबद्दल मात्र एकमत असते. त्यांच्याइतकीच जपून न्यायची गोष्ट म्हणजे मुलांच्या शाळेचे दाखले. केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात बदली असेल, तर लष्करी मुलांचा प्रवेश सहसा अडत नाही. अंबरनाथच्या केंद्रीय विद्यालयातून निघालेल्या मुलाला महूत फारसा त्रास होऊ नये. राज्य मंडळाच्या मराठी शाळेतून निघालेल्या मुलाची गोष्ट वेगळी. दाखल्यावरील सह्या, शिक्के आणि अचानक समोर आलेले हिंदी माध्यम या साऱ्याला काही आठवडे लागतात. मोटारीचा क्रमांक वर्षभराने बदलला तरी चालतो, शाळेला तेवढी उसंत नसते.

बदली सीमावर्ती क्षेत्रात, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी असेल, तर यांतील बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत. पत्नी आणि मुले ठाण्यातच किंवा आधीच्या छावणीतील घरात राहतात, मोटारही त्यांच्यापाशी राहते. दिल्ली परिसरात बदली झाल्यास मात्र आणखी एक चौकशी आवश्यक. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर निर्बंध आले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर पुन्हा सुनावणी झाली. जुनी मोटार घेऊन निघण्यापूर्वी त्या वेळची स्थिती पाहावी.

खऱ्याखुऱ्या आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणारी लष्करी कुटुंबेही आहेत. भूतानमधील हा येथे १९६२ पासून भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक आहे आणि तिकडची वाट जयगाव-फुन्त्शोलिंगच्या वेशीतून जाते. भारतीय सैन्यातील गोरखा जवान सुटीत नेपाळला जातात. भारतीय मोटार घेऊन नेपाळमध्ये शिरणाऱ्याला सीमेवर भन्सार, म्हणजे दिवसाप्रमाणे शुल्क, भरून पुढे जाता येते. परदेशाची सीमा अशी एका पावतीत सुटते. पळासनेरची सीमा ओलांडताना कुणी थांबवतही नाही. तिचे बिल वर्षभराने इंदूरला हाती पडते आणि परतावा ठाण्यात मागावा लागतो.

निवृत्तीनंतर हेच चक्र उलटे फिरते. टेंभी नाक्यावर परतलेल्या सुभेदाराच्या दारात एमपी-०९ क्रमांकाची मोटार उभी असेल, तर बारा महिन्यांनी तिला ठाण्याचा क्रमांक आणि महाराष्ट्राचा कर चुकत नाही. दारातील मोटारीवर बीएच अक्षरे असतील, तर निवृत्तीनंतरही तोच क्रमांक चालतो. दोन वर्षांचा हप्ता तेवढा भरत राहावा लागतो.